पुरलेला तालांत आणि उरलेला वेळ

आमच्या चर्चच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. साक्ष द्यायला उभे राहत नाहीत, गाणाऱ्यांत नाहीत, मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली तरी त्यांना घाम फुटतो. एका रविवारी ‘आपली दानं देवाच्या गौरवासाठी’ असा, देवाने दिलेल्या गुणांबद्दलचा, उपदेश झाला. बाहेर पडताना ते मला म्हणाले, “ऐकायला बरं वाटलं. पण हे आपल्यासाठी नाही. आपल्याकडे टॅलंट कुठाय? आणि असतं तरी वेळ कुठाय?” हे म्हणताना त्यांच्या काखेत मंडळीच्या हिशेबाची वही होती. ती गेली कित्येक वर्षं तिथेच असते.

त्यांच्या त्या बोलण्यात या विषयाचा सगळा गुंता आला. टॅलंट म्हणजे माइकसमोर दिसणारी गोष्ट. वेळ म्हणजे नोकरी-घर उरकून उरला तर उरतो तो. आणि देवाचं गौरव म्हणजे या दोन्हींतून घडणारं काहीतरी भव्य काम. बायबलमध्ये या तिन्ही शब्दांचा अर्थ आपण धरतो त्याहून बराच वेगळा आहे.

‘टॅलंट’ हा शब्द मुळात वजनाचा. जुन्या ग्रीक जगात तालांत म्हणजे सोनं-चांदी तोलण्याचं मोठं माप, ठिकाणानुसार साधारण पंचवीस ते पस्तीस किलोचं. पुढे तेवढ्या चांदीच्या रकमेलाही तेच नाव पडलं. एका तालांतात ६,००० दिनार. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक मजुरांशी हाच दर ठरवतो. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं, तर एक तालांत म्हणजे वीस वर्षांची कमाई.

आता मत्तयाचा २५वा अध्याय, येशूने सांगितलेला दाखला. परदेशी निघालेला धनी दासांना बोलावतो आणि एकाला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक तालांत देतो, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून ती पुरून ठेवतो. मराठी भाषांतरांत तालांताच्या जागी ‘हजार रुपये’ किंवा ‘थैली’ असे शब्द येतात, त्यामुळे रकमेचा आवाका चटकन ध्यानात येत नाही. ज्याला ‘फक्त एक’ मिळाला, त्याच्याही पदरात वीस वर्षांची मजुरी पडली होती. या गोष्टीत कुणाची बोळवण झालेलीच नाही.

हा दाखला युरोपात शतकानुशतकं सांगितला गेला आणि त्यातूनच, पंधराव्या शतकाच्या सुमारास, इंग्रजीत ‘टॅलंट’ला ‘अंगचं कौशल्य’ हा अर्थ चिकटला. आज गाण्याच्या स्पर्धेत आपण जो शब्द वापरतो, तो असा येशूच्या गोष्टीतून आला आहे. पण येता येता त्यातली एक गोष्ट वाटेत गळाली. दाखल्यात तालांत दासाचा नसतो, ती धन्याची ठेव असते. येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात (४:१०) यासाठी ‘कारभारी’ हा शब्द आहे. कारभाऱ्याच्या कमरेला किल्ल्या असतात, पण वाडा त्याचा नसतो. मग ‘माझ्यात काय आहे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘माझ्या हवाली काय केलंय?’ हा पुढे येतो. पहिल्या प्रश्नाने माणूस एकतर फुगतो नाहीतर खचतो. दुसरा विचारला की तो आपले हात पाहतो.

तिसऱ्या दासापाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्याचा गुन्हा आपण चुकीचा वाचतो. त्याने चोरी केली नाही, पैसा उडवला नाही. जमिनीत पुरणं हाही त्या काळी वेडेपणा नव्हता. पैसा जपण्याचा हाच खात्रीचा मार्ग, असं मत जुन्या ज्यू धर्मशास्त्र्यांच्या चर्चांमध्ये नोंदलेलं आहे. त्याने सगळी रक्कम जशीच्या तशी परत आणली. तरी धनी त्याला ‘दुष्ट आणि आळशी’ म्हणतो. का, ते दासाच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडतं: तुम्ही कठोर माणूस, जिथे पेरलं नाही तिथे कापणी करता, म्हणून मी भ्यालो.

हे कुणाबद्दल? जो धनी तिघांत मिळून आठ तालांत, म्हणजे एकशेसाठ वर्षांची मजुरी, दासांवर सोपवून निघून गेला, त्याच्याबद्दल. आणखी एक बारकावा पाहा. पाचाचे दहा करणाऱ्याला धनी म्हणतो, “शाबास, भल्या व विश्वासू दासा.” दोनाचे चार करणाऱ्यालाही तो अगदी तेच शब्द ऐकवतो, एका अक्षराचा फरक न करता. जास्त कमावणाऱ्याला जास्त कौतुक, असा त्याचा हिशेबच नाही. तिसऱ्याने आपल्या धन्याला ओळखलंच नव्हतं, आणि ज्याला आपण कठोर समजतो त्याच्यासाठी कुणी जीव ओतून काम करत नाही. माझ्या मते या दाखल्याचा कणा इथे आहे. दाखल्याचा शेवट कडक आहे, दास बाहेरच्या अंधारात जातो, तो शेवट गुळगुळीत करायची माझी इच्छा नाही. पण ज्या भीतीने तो तिथे पोहोचला, तीच भीती जागी करून लोकांना कामाला लावायचं, हा प्रकार मंडळ्यांमध्ये सर्रास चालतो. स्वयंसेवक कमी पडले की हाच दाखला चाबकासारखा बाहेर निघतो. मला ते दाखल्याच्या उलट वाटतं.

येशूच्या स्वतःच्या आयुष्यातला क्रम बघा. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी आली की हा माझा प्रिय पुत्र, याच्यावर मी संतुष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात तोवर त्याचा एकही चमत्कार झालेला नाही, एकही प्रवचन झालेलं नाही. लूक सांगतो की तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता, आणि गावातले लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. आधी पसंती, मग काम. प्रेषित पौल इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हेच सांगतो: तारण, म्हणजे उद्धार, कृपेने, कर्मांनी नव्हे, आणि लगेच पुढच्या वचनात, आपण सत्कृत्यं करण्यासाठीच निर्माण झालो आहोत. सत्कृत्यं ही तारणाची किंमत नव्हे. ती ज्याचं तारण झालं त्याच्या हातून घडायची गोष्ट. हा क्रम उलटा लागला की कौशल्य आणि वेळ ही दोन्ही कर्ज फेडायची साधनं होऊन बसतात, आणि ते कर्ज कधी फिटत नाही.

आता ‘गौरव’. हा शब्द ‘गुरु’वरून आला, आणि गुरु म्हणजे जड. गंमत अशी की जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘कावोद’ हाही जडपणाच्या, वजनाच्याच मुळातून आला आहे. म्हणजे भाषांतरकारांनी ‘गौरव’ निवडला तेव्हा दोन भाषांतलं वजन नेमकं जुळलं. आपणही म्हणतोच, अमक्याच्या शब्दाला घरात वजन आहे. देवाचं गौरव करणं म्हणजे देवाला आणखी मोठं करणं नव्हे. तो आहे तेवढा आहेच. आपल्या व्यवहारात त्याच्या शब्दाला किती वजन आहे, हे लोकांना दिसणं म्हणजे गौरव.

म्हणून ते फार साध्या जागी घडू शकतं. “खाता, पिता किंवा जे काही करता ते सर्व देवाच्या गौरवासाठी करा,” हे पौलाचं वचन (१ करिंथ १०:३१) भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आपण पाहतो. त्याचा संदर्भ मात्र बाजारातल्या मांसाचा आहे. करिंथ या ग्रीक शहरात विकायला येणारं मांस मूर्तीला वाहिलेलं असू शकत होतं. ते खावं की नाही, यावर मंडळीत वाद होता. पौलाचं उत्तर थोडक्यात असं: तुला मोकळीक आहे, पण पंगतीत शेजारी बसलेल्याच्या विवेकाला ठेच लागणार असेल तर हात आवर. पौलाने इथे देवाच्या गौरवाची कसोटी शेजाऱ्याच्या पानाशी लावली.

१६४७ साली वेस्टमिन्स्टरमध्ये जमलेल्या धर्मपंडितांनी तयार केलेल्या प्रश्नोत्तरावलीतला पहिलाच प्रश्न आहे, माणसाचं मुख्य ध्येय कोणतं? उत्तरात देवाचं गौरव करणं हे येतं, आणि त्याला जोडूनच येतं त्याचा सर्वकाळ आनंद घेणं. लोक पहिला अर्धा भाग पाठ करतात. तिसऱ्या दासाकडे दुसरा अर्धा नव्हता.

कोणती कौशल्यं या खात्यात धरायची? बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव मोशेला म्हणतो की बसालेलाला मी देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलं आहे. हा बसालेल संदेष्टा नव्हे, याजकही नव्हे. सोनं, चांदी आणि पितळ घडवणं, रत्नांना पैलू पाडून ती जडवणं, लाकडावर कोरीव काम, हा त्याचा धंदा. त्याच्या जोडीला अहलियाब, तोही कारागीर. पवित्र आत्म्याचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ येतं. इथे येतो तो छिन्नी धरलेला हात.

मध्ययुगीन युरोपात ‘पाचारण’ हा शब्द जवळजवळ धर्मगुरू, मठवासी आणि जोगिणींसाठीच राखून ठेवलेला होता. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने तो घराघरांत आणला. गाईचं दूध काढणारी बाईही देवाने नेमलेलं काम करते आणि तिच्या हातून देवच माणसांना पोसतो, असा त्याच्या शिकवणीचा रोख. देवाला आपल्या कामाची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. म्हणून देवाला द्यायचं ते शेजाऱ्याच्या दारात पोहोचवायचं. (चांभाराने जोड्यांवर क्रूस न लावता जोडे चांगले शिवावेत, हे ल्यूथरच्या नावावर फिरणारं वाक्य त्याच्या लिखाणात सापडत नाही. आशय मात्र त्याला पटला असता.)

मिळालेलं कौशल्य ‘ख्रिस्ती’ मार्गानेच आलेलं असावं असंही नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृतचं ज्ञान लहानपणी आईवडिलांकडून मिळालं आणि ‘सरस्वती’ ही पदवीही बाप्तिस्म्याच्या आधीची. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तीच भाषेची जाण घेऊन त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यामागे त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षं लावली. अनाथ आणि परित्यक्ता स्त्रियांचा एवढा मोठा संसार सांभाळून हे काम चाललं होतं. ज्ञान जुनंच होतं, धनी आता कळला होता.

इथे एक खरी अडचण येते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. सहाव्यात म्हणतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. मग दिसू द्यायचं की लपवायचं? दोन्हीकडे काम तेच आहे आणि पाहणारेही तेच. फरक आहे तो पाहणाऱ्याची नजर शेवटी कुठे जाऊन टेकावी, असं आपल्याला मनातून वाटतं, त्यात. खिडकीची काच स्वच्छ असली की बाहेरचं दिसतं. काचेवर नक्षी काढत बसलं की लोक काचच पाहतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा हेतू कुणाचाच शंभर टक्के शुद्ध नसतो. गाणं चांगलं झालं की मलाही टाळी हवी असते. हेतू शुद्ध होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर तेही एक पुरून ठेवणंच.

संगीतकार बाख (१६८५–१७५०) आपल्या चर्चसाठीच्या कित्येक हस्तलिखितांच्या सुरुवातीला ‘येशू, साहाय्य कर’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं लिहायचा आणि शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची. हे ऐकून निवांत, ध्यानस्थ माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात १७२३ मध्ये तो जर्मनीतल्या लाइपझिगला रुजू झाला, आणि त्यानंतर काही वर्षं जवळजवळ दर आठवड्याला नवी रचना उभी करावी लागत होती. रविवार डोक्यावर, शाळेतली शिकवणी गळ्यात, घरात पोरंबाळं आणि नगरपालिकेच्या कारभाऱ्यांशी कुरबुरी. ती आद्याक्षरं या धबडग्यात लिहिलेली आहेत.

तर वेळ. बायबलमधलं ९०वं स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. त्यात आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशी, असा हिशेब येतो आणि मग प्रार्थना, आमचे दिवस असे गणायला शिकव की आम्हांला सुज्ञ अंतःकरण मिळेल. सत्तर वर्षं म्हणजे साडेपंचवीस हजार दिवस. त्यातला तिसरा हिस्सा झोपेत जातो. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण स्तोत्रकर्त्याला घड्याळाचा धाक घालायचा नाही. तो गणना मागतो ती शहाणपणासाठी.

इफिसकरांच्या पत्रात (५:१६) वेळेच्या सदुपयोगाबद्दल जे म्हटलंय, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद बाजारातलं आहे, विकत घेऊन सोडवणं अशा अर्थाचं. आणि ‘वेळ’ म्हणून जो शब्द वापरलाय, ‘कैरोस’, त्यात तास-मिनिटांपेक्षा योग्य घडीचा अर्थ जास्त. म्हणजे दिवसाचा क्षण न् क्षण कामाने ठासून भरा, असं पौल म्हणत नाही. घडी आली की ओळखा, आणि तिची किंमत मोजा. आजारी शेजाऱ्याकडे जायची घडी आज संध्याकाळी आहे. पुढच्या आठवड्यात तुम्हाला चार तास मोकळे मिळतील, पण ती घडी नसेल.

शिवाय वेळ सगळ्यांना सारखा मिळतो, हे फार अर्धवट सत्य आहे. तान्ह्या मुलाच्या आईचे चोवीस तास आणि निवृत्त माणसाचे चोवीस तास एक नव्हेत. कलस्सैकरांस पत्रात (३:२३) ‘जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ असं आहे. हे वचन आपण करिअरच्या भाषणात वापरतो. लिहिलं आहे ते गुलामांना, ज्यांचा एकही तास त्यांच्या मालकीचा नव्हता. पौल त्यांना सेवेसाठी वेळ काढा असं सांगत नाही, काढणार कुठून? तो सांगतो की जे काम तुम्ही करताच आहात, तेच ख्रिस्ताची चाकरी म्हणून धरलं जाईल.

आणि काही कामं राहून जाणार. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूममध्ये संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमतं, येशू पुष्कळांना बरं करतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, तो एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शिमोन शोधत येतो, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणतो. येशू परत जात नाही. म्हणतो, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. दाराशी लोक ताटकळत असताना. पुढे योहानाच्या १७व्या अध्यायात तो पित्याला सांगतो की तू दिलेलं काम पुरं करून मी पृथ्वीवर तुझं गौरव केलं. तेव्हा त्या देशात कितीतरी आजारी अजून आजारीच होते. त्याने ‘दिलेलं’ काम पुरं केलं, दिसलेलं प्रत्येक काम नव्हे. मंडळीत ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि मग घरी येऊन मुलांवर खेकसतात, त्यांनी हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. मीही त्यांतलाच.

मग आपल्या हवाली नेमकं काय आहे हे ओळखायचं कसं? चाचण्या आणि प्रश्नावल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. मला उपयोगी पडलेली खूण साधी आहे: लोक आपल्याकडे काय मागायला येतात? अर्ज लिहून द्या, भांडण मिटवा, जरा गाडी काढता का, आईजवळ तासभर बसता का. माणसाला स्वतःचं कौशल्य दिसत नाही, कारण ते त्याला सोपं जातं, आणि सोपं जातं त्याला आपण कौशल्य मानत नाही. यापो गावची टबीथा गेली तेव्हा पेत्रासमोर विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने त्यांच्यासाठी शिवलेले कपडे दाखवू लागल्या (प्रेषितांची कृत्ये ९). तिचं बोललेलं एकही वाक्य बायबलमध्ये नाही. अंगरखे आहेत.

आणि ज्यांना अंथरुणातून उठताही येत नाही? मार्काच्या १४व्या अध्यायात एक स्त्री कुपी फोडून जटामांसीचं अत्यंत मोलवान तेल येशूच्या मस्तकावर ओतते. तीनशे दिनारांहून जास्त किमतीचं, म्हणजे मजुराची वर्षाची कमाई. तिथे बसलेले लगेच हिशेब करतात: ही नासाडी कशाला? गरिबांना देता आलं असतं. सदुपयोगाच्या दृष्टीने त्यांचं गणित बिनचूक आहे. येशू तिची बाजू घेतो आणि म्हणतो, तिला जे करता आलं ते तिने केलं. सुवास थोड्या वेळात विरला असेल. उपयोगाच्या तराजूत न बसणारी ही गोष्ट त्याने मान्य केली, म्हणून आजारपणात नुसतं एखाद्याचं नाव घेऊन प्रार्थना करणाऱ्या माणसालाही या विषयात पूर्ण जागा आहे.

परवा त्या हिशेबवाल्या गृहस्थांकडे काही कागद द्यायला गेलो. उपासना संपून दीड तास झाला होता, बाकी सगळे घरी गेलेले. दानाच्या पावत्या आणि वहीतला आकडा यांत किरकोळ रकमेचा फरक येत होता. मी म्हटलं, जाऊ द्या, खिशातनं घालतो. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “तसं नाही चालायचं. लोकांनी देवाला दिलेत.” बोटाला थुंकी लावून पुन्हा पहिल्यापासून पावत्या उलटायला लागले. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या पावतीच्या पाठीला दुसरी एक चिकटलेली निघाली. त्यांनी ती हलकेच सोडवली, आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि दिवा मालवला.